बिनसाखरेचे डोहाळे

आमच्या दवाखान्यात कोणी खोटं बोलत नाही. ‘गोड खाल्लं का?’ असं विचारलं की समोरची बाई ‘नाही’ म्हणते, पण ते ‘नाही’ एकटं कधी येत नाही. त्याच्यामागून सासू येते, जाऊ येते, शेजारच्या घरचं बारसं येतं, आणि बघता बघता एक आख्खी गोष्ट टेबलावर येऊन बसते. अशा गोष्टी घरी सांगून सांगून आता नवऱ्यालाही पाठ झाल्यात. पाहुण्यांसमोर मी सुरू केली की शेवट तोच सांगून टाकतो. म्हणून म्हटलं, त्याच्या आधी आपणच सांगाव्या.

मी आहारतज्ज्ञ. राहते यवतमाळला, पण बाजाराच्या दिवशी दारव्ह्याला डॉक्टर शैलजा मॅडमच्या प्रसूतिगृहात बसते. गरोदरपणात ज्यांची शुगर वाढलेली निघते, किंवा ज्यांना आधीपासूनच डायबेटीस आहे, त्या सगळ्या बाया माझ्याकडे पाठवल्या जातात. काय खायचं, किती खायचं, चहात साखरेऐवजी काय टाकलं तर चालेल, हे मी सांगते. दाराशी मंदा सिस्टर असतात. लोक मला ‘साखरवाल्या ताई’ म्हणतात. मी साखर देत नाही, काढून घेते, हे आत आल्यावर कळतं.

नावं बदलली आहेत. स्वभाव आहेत तसेच ठेवले आहेत.

*

रेखा पहिल्यांदाच आली होती. कापूस वेचणीचे दिवस. पहाटे उठून, उपाशीपोटी, काळीपिवळी जीपमध्ये बसून सासूसोबत आलेली. मंदा सिस्टरांनी रिवाजाप्रमाणे पाण्यात ग्लुकोजची पावडर कालवली आणि तो मोठा ग्लास तिच्या हातात दिला. ज्यांनी ते पाणी प्यायलंय त्यांना माहीत आहे, ते गोड नसतं, गोडाची शिक्षा असते. रेखानं नाक दाबून, मध्ये दोनदा थांबून, सासूच्या धाकानं ते संपवलं.

मग बसणं, मग रक्त, मग रिपोर्ट. शुगर वाढलेली निघाली. मी तिला समोर बसवलं आणि शक्य तितक्या हळू आवाजात सांगितलं की बाई, तुझ्या रक्तात साखर जास्त आहे, आता गोड बंद करावं लागेल.

तिनं आधी माझ्याकडे पाहिलं. मग वळून मंदा सिस्टरांकडे. मग परत माझ्याकडे.

“तुमीच पाजलं,” ती म्हणाली, “अन् तुमीच धरलं?”

बाकावरच्या साऱ्या बाया हसल्या. मी समजावून सांगितलं की तसं नसतं. सगळ्यांनाच ते पाणी पाजतात. ज्यांचं शरीर साखर पचवतं त्यांची ती ठरल्या वेळात खाली येते, ज्यांचं पचवत नाही त्यांची वरच राहते. ते बघायलाच पाजतात. रेखानं सगळं नीट ऐकून घेतलं.

“म्हनजे परीक्षा होती. मंग आधी सांगाले पाह्यजे होतं नं ताई. अभ्यास करून आली असती.”

*

पुष्पा आर्णीकडची. नवरा तिथे मोटारसायकली दुरुस्त करतो. पुष्पाला चहाशिवाय जमत नव्हतं आणि फिका चहा घशाखाली उतरत नव्हता. डॉक्टर मॅडमशी बोलून मी तिला साखरेऐवजी टाकायच्या गोळ्या लिहून दिल्या. छोटीशी डबी असते, दाबली की एक इवलीशी गोळी खाली पडते. गरोदरपणात चालणाऱ्या प्रकारची होती. बेतानं घ्या, दिवसाला दोन कप चहा, त्याच्यावर नाही, एवढं सांगितलं.

पुढच्या वेळी शुगर खाली यायच्या ऐवजी वर. मी विचारलं, गोळी घेतेस का? घेते. रोज? रोज. आणि नवऱ्यानं साक्ष दिली की एकही दिवस चुकलेला नाही, मी स्वतः देतो. डबी रिकामी झालेली त्यानं खिशातून काढून दाखवली. वर त्याचं म्हणणं असं पडलं की ही गोळी कमी पॉवरची दिसते, जरा मोठ्या पॉवरची लिहून द्या.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी विचारलं, घेते म्हणजे कशी घेते? जेवण झालं की पाण्यासोबत गिळते. आणि चहा? चहा साखरेचाच. वरून गोळी घेतली आहे म्हटल्यावर साखर चालते, असा त्या दोघांचा पक्का समज.

मी समोरच्या टपरीवरून बिनसाखरेचा चहा मागवला आणि त्यात एक गोळी टाकून दाखवली. गोळी फसफसली, विरघळली. पहिला घोट नवऱ्यानं घेतला आणि तो चकित झाला. मग त्याचा चेहरा पडला.

“म्हनजे हे औषध नाई?”

नाही, म्हटलं. साखरेच्या जागी टाकायची वस्तू आहे नुसती.

“मंग इतके दिवस हिले जे बरं वाटून राह्यलं, थे कायनं?”

पुष्पा कपाकडे बघत होती. मग म्हणाली, “तुमी टायमावर घरी येत होते नं गोयी द्याले.”

*

हा किस्सा अगदी लहान आहे, पण आमच्या बाकावर अजून निघतो.

उन्हाळा होता. एका बाईसोबत तिचे सासरे आले होते. बाजारात त्यांची बर्फाच्या गोळ्यांची गाडी. लाल, हिरवा, काला खट्टा. गाव त्यांना ओळखतं. सुनेचा जीव थंड काहीतरी खायला तळमळतो आणि घरच्या गाडीवरचा गोळा तिला खाता येत नाही, याचं म्हाताऱ्याला फार वाईट वाटत होतं. मी म्हटलं, काका, तुमच्या गोळ्यावरचा रंगीत पाक म्हणजे साखरच की. कसा चालेल?

काका दुखावले. एवढ्या वर्षांच्या धंद्यात असा आरोप त्यांच्यावर झाला नव्हता.

“साखर?” ते ताठ उभे राहून, साऱ्या बाकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. “बाई, माह्या गोल्यात कधी साखर नव्हतीच. माह्यं सारं साक्रीनवर आहे.”

बाकावर त्यांची अर्धी गिऱ्हाइकं बसलेली होती.

मी सांगितलं की काका, साखर नसली तरी साक्रीन आपण गरोदर बाईला देत नाही, त्याच्याऐवजी बर्फावर लिंबू आणि काळं मीठ टाकून द्या. ते हो म्हणाले. पण माझं कोणी ऐकत नव्हतं. कोपऱ्यातल्या एका बाईनं अगदी शांतपणे विचारलं, “मंग काका, घरच्या साखरेचा म्हनून आमाले देत होते, थो कोनता?”

*

प्रमोदराव शिकलेले शेतकरी. दहा एकर सोयाबीन-तूर, हातात मोठा फोन, आणि फोनमध्ये जगातलं सगळं ज्ञान. बायको अर्चना, सहावा महिना. मी चहातल्या गोळ्यांचं सांगितलं तर त्यांनी हात वर केला आणि म्हणाले की केमिकल आपल्याला नको, आपण गोड पानाचं झाड लावलंय. स्टीव्हिया. कुठल्याशा कृषी मेळाव्यातून रोपं आणून बांधावर लावली होती.

मी म्हटलं, झाड चांगलं आहे, पण पोटुशीला कच्ची पानं आणि घरी केलेला काढा नको. त्याचा शुद्ध केलेला अर्क पुडीत मिळतो, तो थोडाफार चालतो. प्रमोदरावांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मला आपली खुर्ची तपासावीशी वाटली. पुडीतलं चालते आणि झाडावरचं चालत नाही, तुम्हाला कंपनीवाले काही देतात का, एवढंच त्यांनी विचारायचं बाकी ठेवलं.

काही दिवसांनी सगळं घरच आलं. अर्चना रडवेली. म्हणाली, ताई, घरचे मला पालकाच्या डाळभाजीत साखर टाकून खाऊ घालतात. मी दोन घास खाल्ले आणि ताट सरकवलं, भाकरी-ठेचा खाऊन झोपले.

सासू शेजारीच होत्या. त्या उसळल्याच. साखर हिनंच टाकली, त्या म्हणाल्या. त्यांनी चव घेतली तेव्हाच त्यांना कळलं होतं. पण पोरीचे डोहाळे आहेत, चोरून टाकली असेल, चारचौघांत कशाला लाजवायचं म्हणून त्यांनी मुकाट्यानं ती गोड डाळभाजी गिळली होती. मग सासऱ्यांनी तोंड उघडलं. त्यांनाही तसंच वाटलं होतं. सुनेच्या मनासारखं केलेलं दिसतं म्हणून त्यांनी तर वरून पुन्हा वाढून घेतलं होतं. धाकटा दीर दोन वाट्या खाऊन उठला होता आणि बाहेर जाऊन त्यानं मूठभर मिरच्या खाल्ल्या होत्या. सगळं घर एकमेकांचं मन जपत गोड डाळभाजी जेवलं होतं आणि कोणी कोणाला एक शब्द बोललं नव्हतं.

डाळभाजी झाली त्या दिवशी प्रमोदराव सोयाबीन घेऊन बाजारात गेलेले, जेवायला नव्हते. ते आता हळूच म्हणाले, “आई, पालक कुठचा होता?”

“पालक कायचा. थे बांधावरची नवीन भाजी लावली नाई का तू, थेच खुडली.”

“किती खुडली?”

“सारीच खुडली. जुडी तरी लहानच झाली बाप्पा.”

अर्चनाची तब्येत ठीक होती, दोन घासांनी काही झालं नव्हतं, तरी डॉक्टर मॅडमनी तिला तपासलं. निघताना सासरे मागे रेंगाळले. सासू पुढे गेल्याचं बघून त्यांनी मला विचारलं की त्यांना स्वतःलाही शुगर आहे, तर ती भाजी त्यांना चालेल का. चव त्यांना आवडली होती.

*

कविताचं सासर वणीला, माहेर दारव्ह्याचं. नवरा नीलेश कोळशाच्या खाणीत नोकरीला. बायकोचं गोड बंद झालं तसं त्यानं जाहीर केलं की बाळ होईपर्यंत मीही साखर खाणार नाही. लग्नाला वर्ष झालेलं, प्रेम नवीन, सगळ्यांना कौतुक वाटलं. मंदा सिस्टर म्हणाल्या, पाहू.

कविताचं छान चाललं होतं. ती हुशार मुलगी. ताटात भाकरीचा तुकडा किती, भाजी किती, कुठल्या वेळी खायचं, एकदा सांगितलं की झालं. चहात अर्धी गोळी टाकायची, तीसुद्धा मग सोडून दिली. तिचे रिपोर्ट बघून डॉक्टर मॅडम खूश.

नीलेशचं मात्र बिनसलं. सुट्टी मिळाली की तो बसनं यायचा, आणि दर वेळी थोडा अधिक वाळलेला, थोडा अधिक चिडका. खाणीत मित्र पेढा दाखवून चिडवायचे. त्यानं केमिस्टकडून गोळ्यांची डबी घेतली होती आणि तो ती कशातही टाकायचा. चहात, ताकात, कढीत. एकदा सासरी श्रीखंड केलं होतं तर तो उठून अंगणात जाऊन बसला. सासू बिचारी जावयाची मनधरणी करून थकली.

शेवटी कविता माझ्याकडे आली ती नवऱ्याची तक्रार घेऊन. “ताई, माह्यं जमून राह्यलं. याचं सोडवा तुमी. रात्री फोनवर बालूशाहीचं वर्नन करते थो मले. मी पोटुशी, अन् डोहाळे याले.”

मी नीलेशला समजावलं. त्याची शुगर तपासली, ती उत्तम होती. म्हटलं, तू खा बाबा, तुझ्या न खाण्यानं तिची कमी होत नाही. तो हटला नाही. शब्द दिला म्हणजे दिला.

कविताला मुलगा झाला. नीलेशनं सकाळीच पेढ्यांचा डबा आणला आणि दवाखानाभर फिरला. आम्हाला, आयांना, बाकावरच्या अनोळखी लोकांना, समोरच्या टपरीवाल्याला. सगळे झाल्यावर मंदा सिस्टरांनी त्याला धरलं आणि आख्खा पेढा त्याच्या तोंडात कोंबला. आम्ही सगळे टाळ्या वाजवायच्या तयारीत.

त्यानं तो चघळला. चेहरा वाकडा केला. “बाप रे,” तो म्हणाला, “एवढं गोड कसं खाऊन राह्यले तुमी लोकं?”

*

प्रियंका दारव्ह्यातलीच, दवाखान्यापासून दोन गल्ल्या सोडून. त्यामुळे तिच्या डोहाळजेवणाला आम्हाला बोलावणं होतं. तिच्या सासूबाई शोभाताई करारी बाई. डॉक्टर मॅडमनी गोड नाही म्हटलं ना, मग अंगणात कोणासाठीच गोड शिजणार नाही, असं त्यांनी ठरवलं. एकीनं बसून खायचं आणि दुसरीनं बघायचं हे त्यांना पटत नव्हतं. कढी, वांग्याची भाजी, भाकरी, कोशिंबीर, भरपूर मिरची. आलेल्या बाया आधी हिरमुसल्या आणि मग हात चाटून जेवल्या.

अडलं ते वाट्यांपाशी. आपल्याकडे दोन झाकलेल्या वाट्या ठेवतात. एकीत पेढा, एकीत बर्फी. पोटुशीनं एक उघडायची. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. डॉक्टर मॅडमना हा खेळ मुळीच पसंत नाही. त्या कठोर चेहरा करून बसल्या होत्या. पण बाया ऐकेनात. तेव्हा शोभाताईंनी तोड काढली. एका वाटीत फुटाणे ठेवले, दुसरीत शेंगदाणे.

प्रियंकानं वाटी उघडली. फुटाणे निघाले. सगळ्या ओरडल्या, आणि मग एकदम शांतता. कारण फुटाणा म्हणजे कोण हे ठरलंच नव्हतं.

शोभाताईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, मी गडबडीत ठरवायचं विसरले. एक म्हातारी म्हणाली, फुटाणा कडक, म्हणजे मुलगा. दुसरी म्हणाली, आमच्या घरी पोरीच कडक आहेत. शेवटी शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई होत्या, त्यांच्याकडे निवाडा गेला. त्यांनी चष्मा नीट केला आणि व्याकरण लावलं. तो फुटाणा. तो शेंगदाणा. दोन्ही पुल्लिंगी. तेव्हा हा खेळच रद्द.

मग एकच गोंधळ. स्त्रीलिंगी काय ठेवायचं? लाही? ती लाही, बरोबर. चिवडा नको, तो चिवडा. शेव चालेल, ती शेव. शोभाताई लाह्या शोधायला आत गेल्या. कठोर चेहऱ्याच्या डॉक्टर मॅडमसुद्धा पदराआड हसत होत्या, आणि चुरमुरे नपुंसकलिंगी की पुल्लिंगी यावर दोन जावा भांडत होत्या.

शोभाताई लाह्या घेऊन बाहेर आल्या तर दोन्ही वाट्या रिकाम्या. प्रियंका शांतपणे तोंड पुसत होती.

“अव, तू खाल्लं?” शोभाताई म्हणाल्या. “मंग निंघालं काय?”

“भूक निंघाली, आई.”

*

सविता दिग्रस रोडवरच्या एका बंजारा तांड्यावरून यायची, आईसोबत. तांड्यावर आईला याडी म्हणतात. सविता याडी म्हणायची, म्हणून मग आम्ही सगळेच तिला याडी म्हणू लागलो. बारीकशी बाई, हातभर बांगड्या, आवाज खणखणीत. मायलेकी आपसात गोर बोलीत बोलायच्या आणि आमच्यासमोर आल्या की वऱ्हाडीत.

सविताचं हे दुसरं बाळंतपण. पहिलं बाळ पूर्ण दिवस भरून पोटातच गेलं होतं. तेव्हा ती दुसरीकडे दाखवत होती, आणि शुगर कोणी कधी तपासलीच नव्हती. बाळंतपणाला ती माहेरी आलेली, आणि याडीनं लेकीचे लाड म्हणून लापशी, लाडू, गूळ-तूप, जे जे हौसेचं ते सगळं केलेलं. नंतर कुठल्याशा डॉक्टरनं सांगितलं की साखर वाढली होती. याडीनं एवढंच ऐकलं.

या वेळी सुरुवातीपासून इन्शुलिन सुरू होतं. सविता स्वतः पोटात सुई घ्यायला शिकली. आणि याडीनं पहारा बसवला. घरातला साखरेचा डबा शेजारी नेऊन ठेवला. गुळाची भेली गेली. तांड्यावर लग्न निघालं की याडी आधी जाऊन आचाऱ्याला सांगायची, माझी पोरगी यायच्या आत गोडाच्या कढईवर झाकण टाक. सविता कुठूनही घरी आली की याडी तिच्या तोंडाचा वास घ्यायची. हे सविता सांगायची आणि आम्ही हसायचो, आणि याडीसुद्धा हसायची, पण दुसऱ्या दिवशी वास घ्यायचीच.

मला सविताची दया आली. मी याडीला म्हटलं की चहात गोळी टाकू दे. ती साखर नाही, तिनं रक्तातली साखर वाढत नाही, डॉक्टर मॅडमनी हो म्हटलंय. याडीनं डबी हातात घेऊन बघितली, एक गोळी जिभेवर ठेवली, आणि डबी मला परत केली.

“गोड लागते, ताई. जिभेले माहीत पडलं म्हनजे लेकराले माहीत पडलं.”

मी पुष्कळ सांगून पाहिलं. तिनं पुष्कळ ऐकून घेतलं. डबी काही नेली नाही.

एकदा याडी औषधं आणायला खाली गेली तेव्हा सविता खुर्ची पुढे ओढून बसली. तिनं मला विचारलं, “ताई, पहिलं माह्या खान्यानं गेलं का?”

मी तिला खरं ते सांगितलं. साखर वाढली होती, आणि ती कोणी मोजली नव्हती. मोजली असती तर कळलं असतं, औषध देता आलं असतं. खाणारीची चूक नव्हती आणि खाऊ घालणारीची तर नव्हतीच. ती काही वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

“मंग हे याडीले सांगा तुमी,” ती म्हणाली. “माह्यं आयकत नाई थे.”

मी सांगितलं. याडी वर आल्यावर तिला बसवून, दोनदा, सोप्या शब्दांत सांगितलं. याडीनं मान हलवली आणि पुढच्या तारखेला कधी यायचं ते विचारलं.

दिवस भरत आले तसे डॉक्टर मॅडमनी धोका नको म्हणून सिझर ठरवलं. बाजाराचा दिवस होता, म्हणून मी तिथेच होते. याडी ऑपरेशन थिएटरच्या दाराला चिकटून उभी. आतून रडण्याचा आवाज आला तेव्हा ती हलली नाही. दुसऱ्यांदा आला तेव्हा हलली नाही. मंदा सिस्टर गुंडाळलेलं बाळ घेऊन बाहेर आल्या, मुलगी आहे म्हणाल्या, तेव्हा तिनं पाय बघितले, हात बघितले, आणि मग भिंतीला टेकून खाली बसली.

बाळांचे डॉक्टर आले. डायबेटीसवाल्या आईच्या बाळाची शुगर लगेच बघतात. आईच्या पोटात त्याला साखर जास्त मिळालेली असते, ती जिरवायची त्याच्या शरीराला सवय लागते, आणि बाहेर आल्यावर मिळायची एकदम थांबली की ती घसरते. टाचेला टोचून बघितलं. कमी होती. त्यांनी सिस्टरांना ग्लुकोजचं जेल आणायला सांगितलं, आणि याडी समोरच होती म्हणून समजेल अशा भाषेत म्हणाले, “बाळाची साखर कमी आहे. थोडी साखर द्यावी लागेल.”

याडी उठली. डॉक्टरचा हात बाळाच्या तोंडाजवळ गेला होता. तिनं तो मनगटाला धरला.

“साखर नाई,” ती म्हणाली.

डॉक्टर तरुण होते, त्यांना काही उमजेना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुढे झाले. तिचा हात धरला आणि म्हटलं, याडी, आईची वाढली होती, हिची कमी झाली आहे. हिला आता पाहिजेच. मग आईच्या अंगावर पाजू, पण आधी हे. याडी माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिनं एकेक बोट सोडवत हात काढून घेतला.

डॉक्टरांनी बोटावर जेल घेतलं आणि बाळाच्या गालाच्या आत चोळलं. बाळानं आधी तोंड वाकडं केलं. मग थांबलं. मग ओठ मिटून चोखू लागलं, जीभ बाहेर काढून इकडेतिकडे फिरवली, आणि बोट बाजूला गेलं तसं कडकडून रडलं.

सविताला तेवढ्यात बाहेर आणलं होतं. ती अर्धवट शुद्धीत, मान वळवून रडण्याच्या दिशेनं बघायचा प्रयत्न करत होती. काय झालं, काय झालं, असं विचारत होती. याडी तिच्या उशाशी गेली. तिच्या कपाळावरचे केस मागे सारले.

“काई नाई व,” ती म्हणाली. “तुही पोरगी आल्याबरोबर साखर मांगून राह्यली.”

सविता डोळे मिटून पडून राहिली. आम्हाला वाटलं झोपली.

“मंग दे नं याडी,” ती म्हणाली.